कर्नल ६.१ वरून ६.६ वर गेल्यावर बोर्ड ‘स्टार्टिंग कर्नल’पाशीच थांबतो, इमेजमध्ये डीटीबी नक्की कुठली जातेय?

मागवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल युनिटमध्ये रॅपिअर मागांवर पिक मोजणारे आणि माग बंद पडल्याची वेळ नोंदवणारे बोर्ड आहेत. प्रोसेसर एएम३३५८, रॅम ५१२ एमबी, आराखडा बीगलबोन ब्लॅकवरून घेतलेला. इमेज बिल्डरूटने (एम्बेडेड लिनक्स बांधायचं साधन) बनते, एसडी कार्डावर दोन पार्टिशन: पहिलं फॅट (एमएलओ म्हणजे पहिल्या टप्प्याचं बूटलोडर, यू-बूट म्हणजे मुख्य बूटलोडर, झेडइमेज म्हणजे दाबलेला कर्नल, डीटीबी म्हणजे कर्नलला दिलेलं बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन), दुसरं ईएक्सटी४ रूटएफएस. यू-बूट २०१८.०१.

कर्नल ६.१ वर सगळं सुरळीत होतं. ६.६ घेतल्यावर बिल्ड आधी ‘एएम३३एक्सएक्स.डीटीएसआय: नो सच फाइल’ म्हणून अडलं. ६.५ पासून ३२ बिट आर्मच्या डीटीएस फाइली (डीटीबीचा सोर्स; डीटीएसआय म्हणजे त्यात इन्क्लूड होणारा सामायिक भाग) कंपनीवार डिरेक्टरीत गेल्यात हे वाचलं, म्हणून आमची माग-ए.डीटीएस कर्नल पॅचने टीआय/ओमॅप या डिरेक्टरीत ठेवली, बिल्डरूटच्या इन-ट्री रकान्यात ‘टीआय/ओमॅप/माग-ए’ लिहिलं आणि डिरेक्टरीचं नाव राखायचा पर्याय चालू केला. बिल्ड पूर्ण होतं, जेनइमेजही (कार्डाची इमेज जोडणारं साधन) तक्रार करत नाही. कार्ड घातलं की:

६१६०३८४ बाइट झेडइमेज वाचली (पत्ता हेक्स ८२००००००). मग डीटीबी वाचली (पत्ता ८२५०००००). मग ‘स्टार्टिंग कर्नल ...’ आणि पुढं चिडीचूप.

६.१ ची झेडइमेज ४९१५२०० बाइट होती. बूटआर्ग्समध्ये कन्सोल टीटीवायओ० आहे, ११५२००.

शिवाय बोर्डाचे दोन प्रकार आहेत. ‘ए’ वर इथरनेटचा पीएचवाय (केबलकडची चिप) एमआयआयवर, पत्ता ०. ‘बी’ वर दुसरा पीएचवाय, आरएमआयआय (कमी पिनांची जोडणी), पत्ता १, आणि वर आरएस-४८५. दोन्हींना एकच इमेज चालवायची आहे. त्यासाठी ओव्हरले (मूळ डीटीबीवर वरून लावायचा तुकडा) लावावा की दोन डीटीबी ठेवाव्यात?

सिरियल_कन्सोल

दादा, उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. ६१६०३८४ म्हणजे हेक्स ५ई००००. झेडइमेज ८२०००००० ला बसली तर तिचं शेपूट ८२५ई०००० पर्यंत जातं. डीटीबी तुम्ही ८२५००००० ला उतरवताय, म्हणजे कर्नलच्या पोटात. जुनी झेडइमेज ४बी०००० हेक्स होती, ८२४बी०००० ला संपायची, म्हणून निभावून गेलं.

यात क्रमालाही महत्त्व आहे. तुमच्यासारखं आधी कर्नल, मग डीटीबी केलं तर डीटीबी शाबूत राहते आणि कर्नलची दाबून भरलेली सामग्री मधूनच खराब होते. बूटझेड (झेडइमेज सुरू करणारी यू-बूटची कमांड) फक्त सुरुवातीची खूण तपासतं, ती ठीक असते, म्हणून ‘स्टार्टिंग कर्नल’ छापून मोकळं होतं. उलगडताना गडबड झाली तरी पडद्यावर काही येत नाही, कारण ‘अनकॉम्प्रेसिंग लिनक्स’ आणि त्यापुढच्या चुका लो-लेव्हल डीबग चालू असेल तरच छापल्या जातात. उलट क्रमाने केलं असतं तर डीटीबी मेली असती आणि यू-बूटनेच ‘डिड नॉट फाइंड अ सीएमडीलाइन फ्लॅटन्ड डिव्हाइस ट्री’ म्हणून हात वर केले असते. नवीन यू-बूट एफडीटी (म्हणजे डीटीबीच) कर्नलवर चढतेय का हे बघून थांबतं; २०१८ चं मुकाट्याने पुढं जातं.

टीआयच्या स्वतःच्या मांडणीतले पत्ते घ्या: कर्नल ८२००००००, डीटीबी ८८००००००, रॅमडिस्क ८८०८००००. कर्नल आणि डीटीबीत ९६ एमबी अंतर पडतं. डीटीबीला रॅमडिस्कआधी ५१२ केबी मिळतात, तुमच्या फाइलीला रग्गड. रॅमडिस्क नसेल तर बूटझेडमध्ये तिच्या जागी नुसतं डॅश द्यायचं. तो डॅश विसरला की डीटीबीचा पत्ता रॅमडिस्क म्हणून घेतला जातो.

बूट करण्याआधी यू-बूटच्या प्रॉम्प्टवर तीन गोष्टी बघा. (कमांड इथं देवनागरीत आहेत, टर्मिनलवर नेहमीच्या अक्षरांत.) ‘एमडी.बी ८८०००००० ४’ दिल्यावर डी० ०डी एफई ईडी हेच चार बाइट दिसले पाहिजेत. मग ‘एफडीटी अ‍ॅडर ८८००००००’ आणि ‘एफडीटी प्रिंट / मॉडेल’. मॉडेलच्या ओळीत तुमच्या बोर्डाचं नाव नसेल तर पुढं जाऊच नका. आणि यू-बूटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (साठवलेल्या चलांत) एफडीटी_हाय एफएफएफएफएफएफएफएफ असं कुणी करून ठेवलं असेल तर ते काढा. त्याने डीटीबी जागची हलवायची नाही असं ठरतं, आणि पत्ते चुकलेले असतील तर वाचायची एक संधी जाते.

हे करूनही गप्पच राहिला तर कन्सोल बघा. टीटीवायओ० हे जुन्या ओमॅप सिरियल ड्रायव्हरचं नाव (ओ अक्षर, मग शून्य). ८२५० घराण्यातल्या ओमॅप ड्रायव्हरमध्ये पोर्ट टीटीवायएस० म्हणून येतो. जुनं नाव आपोआप बदलून घ्यायचा कर्नल पर्याय आहे, पण तो तुमच्या कॉन्फिगमध्ये बंद असेल तर कर्नल व्यवस्थित चालू होऊनही तुम्हाला मेल्यासारखा दिसेल. सरळ टीटीवायएस० लिहा आणि तपासणीपुरतं ‘अर्लीकॉन’ जोडा. डीटीएसमधल्या चोझन नोडमध्ये एसटीडीआउट-पाथ असेल तर अर्लीकॉनला वेगळा पत्ता द्यावा लागत नाही.

चिंचोळी_बेंच

पत्त्यांचं वर आलंच आहे. पण प्रश्नाच्या मथळ्याचं उत्तर अजून बाकी आहे आणि तिथंही पाणी मुरतंय.

डिरेक्टरीचं नाव राखायचा पर्याय चालू केल्यावर नवीन डीटीबी आउटपुट/इमेजेस/टीआय/ओमॅप/ इथं पडते. तुमच्या जेनइमेज.सीएफजीमध्ये नुसतं ‘माग-ए.डीटीबी’ असेल तर ती आउटपुट/इमेजेसच्या मुळाशी शोधली जाते. आणि तिथं ६.१ च्या वेळची फाइल अजून पडलेली आहे, कारण बिल्डरूट आउटपुट/इमेजेस आपणहून झाडत नाही. फाइल नसती तर जेनइमेजने बोंब मारली असती. शिळी फाइल सापडली म्हणून गप्प बसलं. म्हणजे कर्नल ६.६ चा आणि डीटीबी ६.१ ची.

जुनी डीटीबी नव्या कर्नलवर बहुधा चालते, कर्नलवाले तेवढी सुसंगती सांभाळायचा प्रयत्न करतात. म्हणूनच हा घोटाळा लवकर कळत नाही. बोर्ड सुरू होतो, आणि तुम्ही डीटीएसमध्ये केलेला बदल मात्र कुठंच दिसत नाही. मग माणूस ड्रायव्हर उसवत बसतो. उलट बाजू, म्हणजे नवी डीटीबी जुन्या कर्नलला, याची खात्री कुणीच देत नाही.

तो पर्याय बंद करा. तुमच्याकडे एकाच नावाच्या दोन फाइली नाहीत, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. कर्नलच्या ‘डीटीबीएस_इन्स्टॉल’नेही ३२ बिट आर्मसाठी फाइली सपाटच ठेवल्या जातात, ६.५ मध्ये सोर्स हलला, बसवायची जागा मुद्दाम हलवली नाही. ६४ बिटांत मात्र कंपनीची डिरेक्टरी आधीपासून आहे, तिथं एक्स्टलिनक्सची (काय बूट करायचं ते सांगणारी फाइल) एफडीटीडिर ओळ लिहिताना हे ध्यानात ठेवायचं.

पॅचऐवजी दुसरा रस्ताही आहे: डीटीएस स्वतःच्या बोर्ड डिरेक्टरीत ठेवून कस्टम डीटीएस पाथमध्ये तिचा मार्ग द्यायचा. बिल्डरूट ती आर्च/आर्म/बूट/डीटीएसमध्ये, मुळाशी, नकलून घेतं. तेव्हा आतली इन्क्लूड ओळ ‘टीआय/ओमॅप/एएम३३एक्सएक्स.डीटीएसआय’ अशी करायची. त्या फाइलीतले पुढचे इन्क्लूड तिच्या स्वतःच्या जागेवरून सुटतात, त्यांना हात लावायला नको. मला हाच रस्ता बरा वाटतो. दर कर्नल बदलाला पॅच नव्याने बसवायचा उपद्व्याप नको.

डीटीएस बदलल्यावर नुसतं ‘मेक’ पुरत नाही. कर्नल पॅकेज बांधून झालंय असं बिल्डरूट समजतं. ‘मेक लिनक्स-रीबिल्ड’ आणि मग ‘मेक’.

कार्डावर लिहिण्याआधी इमेज उघडून बघायची सवय लावा, माउंटसुद्धा लागत नाही. ‘एफडिस्क -एल एसडीकार्ड.आयएमजी’ने पहिल्या पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर घ्या, ५१२ ने गुणा, आणि एमटूल्समधल्या ‘एमकॉपी -आय एसडीकार्ड.आयएमजी@@ तो आकडा’ने डीटीबी बाहेर काढा. तिचा एसएचए२५६ आउटपुट/बिल्डमधल्या कर्नल डिरेक्टरीतल्या डीटीबीशी ताडा. जुळला नाही तर कार्ड लिहूच नका. पोस्ट-इमेज स्क्रिप्टमध्ये ही तुलना घालून न जुळल्यास स्क्रिप्ट १ ने बाहेर पडेल असं केलंत की माणसाच्या डोळ्यांवर भिस्त राहत नाही.

मागवाला_सोलापूर

दोघांचेही आभार. पत्ते बदलले, टीटीवायएस० केलं, डिरेक्टरीचा पर्याय बंद करून आउटपुट/इमेजेस रिकामं केलं. ‘ए’ बोर्ड ६.६ वर उठला. प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेलमध्ये नवीन नाव दिसतंय, म्हणजे डीटीबी नवीच.

‘बी’ बोर्ड याच कार्डाने लॉगिनपर्यंत येतो, पण नेटवर्क लिंक नाही. ते अपेक्षितच, त्याची वेगळी डीटीबी अजून इमेजमध्ये नाही. आता दोन्ही एकाच इमेजमधून कसे चालवायचे ते सांगा.

पिनमक्स_ताई

दोन डीटीबी. ओव्हरलेची गरज नाही.

ओव्हरले शोभतो तो कुठली टोपी (वर बसवायचा जोड-बोर्ड) कधी लागेल हे आधी ठाऊक नसतं तिथं. तुमचे प्रकार दोनच, तेही कारखान्यातच ठरलेले. माग-सामायिक.डीटीएसआयमध्ये रॅम, पीएमआयसी, एसडी, पिक मोजायचे जीपीआयओ हे सगळं ठेवा. माग-ए.डीटीएस आणि माग-बी.डीटीएसमध्ये फक्त फरक: पीएचवाय मोड, एमडीआयओखालच्या पीएचवाय नोडचा रेग ० की १, पिनमक्स (कुठली पिन कुठल्या कामाला), आणि ‘बी’साठी यूएआरटी. पीएचवाय नोडचं नाव आणि रेग दोन्ही बदला. इथरनेट-फाय@० नावाखाली रेग १ ठेवला तर पुढं फाइल वाचणाऱ्याची फसगत होते. ‘बी’च्या पीएचवायचा पत्ता खरोखर १ आहे का हे यू-बूटमध्ये ‘एमआयआय इन्फो’ देऊन बघा, सर्किटच्या कागदावर भरवसा ठेवू नका. पत्ता रीसेट सुटताना पिनांच्या पातळीवरून ठरतो, एखादा पुल-अप राहिला की तो बदलतो.

आरएस-४८५ साठी यूएआरटी नोडमध्ये लिनक्स,आरएस४८५-एनेबल्ड-अ‍ॅट-बूट-टाइम हे घाला, दिशेची पिन उलट असेल तर आरटीएस अ‍ॅक्टिव्ह हाय किंवा लो त्याप्रमाणे. आरएमआयआयमध्ये एमआयआयच्या निम्म्या पिना मोकळ्या होतात आणि सर्किटवाले त्या यूएआरटीला देऊन टाकतात. पण सामायिक फाइलीत एमआयआयचा जुना पिनमक्स गट राहिला आणि तो कुठल्या तरी नोडला जोडलेला असेल तर कर्नल लॉगमध्ये ‘पिन ऑलरेडी रिक्वेस्टेड बाय’ येतं आणि दुसरं आलेलं यंत्र सुरूच होत नाही. एमआयआय गट माग-ए.डीटीएसमध्येच ठेवा.

बिल्डरूटच्या डीटीएस पाथमध्ये दोन्ही फाइली जागा सोडून लिहिता येतात, डीटीएसआयही त्यातच द्या, ती फक्त नकलली जाते. जेनइमेजच्या यादीत मात्र दोन्ही डीटीबी स्वतः लिहाव्या लागतील. यादीत नाव नसेल तर इमेज बिनबोभाट बनते आणि डीटीबी आत नसते.

निवड यू-बूटने करायची. बोर्डावर आयडी ईईप्रॉम असेल तर उत्तम. नसेल तर एक मोकळा जीपीआयओ, ‘बी’वर १० के रेझिस्टरने जमिनीला आणि ‘ए’वर वर ओढलेला. एन्व्हायर्नमेंटमध्ये तो वाचून एफडीटीफाइल या चलात नाव भरायचं. एक खाच आहे: ‘जीपीआयओ इनपुट’ ही कमांड यश-अपयश म्हणून पिनची पातळीच परत देते, म्हणजे पिन खाली असली की ‘इफ’ खरं ठरतं, मनाच्या अपेक्षेच्या नेमकं उलट. यू-बूटच्या सगळ्या आवृत्त्या इथं सारख्या वागत नाहीत. पिन खाली आणि वर, दोन्ही करून ‘इको’ने तपासा आणि मगच स्क्रिप्ट पक्की करा.

फिट_समर्थक

माझं मत थोडं वेगळं. दोन डीटीबी बरोबर, पण त्या सुट्या का ठेवायच्या? फिट इमेज करा. आयटीएस फाइलीत एक कर्नल, दोन एफडीटी आणि दोन कॉन्फिगरेशन, कॉन्फ-ए व कॉन्फ-बी. एमकेइमेज -एफने एकच फाइल बनते. यू-बूटमध्ये बूटएमला पत्ता, त्यापुढे हॅश चिन्ह आणि कॉन्फिगरेशनचं नाव. शिळ्या डीटीबीचा आजार कार्डापुरता मुळातच संपतो, कारण कर्नल आणि डीटीबी वेगळे होऊच शकत नाहीत. प्रत्येक तुकड्याला एसएचए२५६ हॅश लावता येतो, तो बिघडला की यू-बूट चालवायला नकार देतं. पत्ते एकमेकांवर चढून फाइल खराब होण्याचा तुमचा प्रकार इथं लगेच पकडला गेला असता.

फिट फाइल कर्नलच्या लोड पत्त्यावर उतरवू नका, नाहीतर तोच खेळ पुन्हा. ५१२ एमबी रॅम ८००००००० पासून आहे. फिट ९००००००० ला, कर्नल लोड ८२०००००० ला, झालं.

सिरियल_कन्सोल

फिट चांगलंच आहे, वाद नाही. पण आत्ता त्यासाठी २०१८ च्या यू-बूटमध्ये फिटचा पर्याय चालू आहे का ते बघावं लागेल, नसेल तर लावलेल्या प्रत्येक बोर्डाचं बूटलोडर बदलावं लागेल. बूटलोडर बदलताना वीज गेली तर बोर्ड टेबलावर आणायचा. यू-बूट नवीन घ्याल तेव्हा फिट आणि सहीही एकदमच करा. सहीची सार्वजनिक किल्ली एमकेइमेजला -के (मोठ्या लिपीतलं) देऊन यू-बूटच्या स्वतःच्या डीटीबीत जाते, कर्नलच्या नव्हे. यू-बूटला स्वतःसाठी लागणारी डीटीबी आणि तो कर्नलला देतो ती डीटीबी या दोन निराळ्या फाइली आहेत. मॉडेलचं नाव दोन्हींत सारखं असलं की नवखा माणूस एक बदलून दुसरीत परिणाम शोधतो.

तोवर मधला मार्ग: झेडइमेज आणि दोन्ही डीटीबी फॅटमधून हलवून रूटएफएसच्या /बूटमध्ये न्या. बिल्डरूटमध्ये ‘कर्नल टार्गेटच्या /बूटमध्ये बसवा’ हा पर्याय आहे, डीटीबीही त्याबरोबर जातात आणि जेनइमेजच्या यादीतून दोन्ही ओळी निघतात. फॅटमध्ये फक्त एमएलओ आणि यू-बूट, कारण एएम३३५८ च्या रॉमला एमएलओ लागतं आणि एमएलओला यू-बूट. पुढं रूटएफएसची ए/बी जोडी (आलटून-पालटून वापरायच्या दोन प्रती, बोर्डांचे ‘ए’-‘बी’ नव्हेत) केलीत तर कर्नल, मॉड्यूल आणि डीटीबी एकत्रच बदलतील आणि एकत्रच मागे येतील. फॅटवर एकच डीटीबी आणि रूटएफएस मात्र दोन, अशी मांडणी केली की मागे फिरल्यावर जुन्या कर्नलच्या गळ्यात नवी डीटीबी पडते. वर म्हटलेली ‘खात्री नाही’वाली बाजू ती हीच.

मागवाला_सोलापूर

/बूटचा मार्ग पटला. मागच्या इमारतीत एक ‘ए’ बोर्ड आहे, त्याला पुढं तापमानाचा आयटूसी सेन्सर जोडायचाय. त्या एकट्यासाठी तिसरी डीटीबी नको वाटते.

पिनमक्स_ताई

तिथं ओव्हरले चालेल, पण मूळ डीटीबी -@ ने बनलेली हवी. बिल्डरूटच्या कर्नल मेनूत ओव्हरले सपोर्टचा पर्याय आहे, तो हेच करतो. त्याशिवाय मूळ फाइलीत सिम्बॉल्स नोड नसतो आणि यू-बूट ‘एफडीटी_ईआरआर_नॉटफाउंड’ देतं. -@ मुळे डीटीबी फुगते, तुमच्या नव्या पत्त्यांत ते सामावतं. लावण्याआधी ‘एफडीटी रीसाइझ ८१९२’ करा. नाहीतर जागा पुरत नाही. आणि ‘एफडीटी अप्लाय’ फसलं तर मूळ डीटीबी त्या क्षणी निकामी झालेली असते, स्क्रिप्टमध्ये फसल्यावर ती कार्डावरून पुन्हा वाचून मग बूटझेडकडे जा. आयटूसीचा सेन्सर जोडलेला नसताना ओव्हरले लागला तरी बोर्ड अडत नाही, लॉगमध्ये प्रोब फसल्याची ओळ येते एवढंच.

चिंचोळी_बेंच

लावलेल्या बोर्डांबद्दल एक. नवीन पत्ते यू-बूटच्या सोर्समध्ये बदलून भागणार नाही. कुणी कधी ‘सेव्हएन्व्ह’ केलेलं असेल तर तो बोर्ड साठवलेले जुनेच पत्ते वापरेल, आणि नवी इमेज घातली की पुन्हा ८२५००००० ला जाऊन पडेल. सगळं डिफॉल्टवर आणू नका, सिरियल नंबर वगैरे त्यातच असतात. डीटीबीचा पत्ता, रॅमडिस्कचा पत्ता आणि बूटसीएमडी एवढीच चलं लिनक्समधून ‘एफडब्ल्यू_सेटएन्व्ह’ने बदला, कर्नल बदलण्याआधी, जुन्या ६.१ वर असतानाच. त्याआधी ‘एफडब्ल्यू_प्रिंटएन्व्ह’ नक्की चालवा. ‘बॅड सीआरसी, युझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट’ असं आलं तर एफडब्ल्यू_एन्व्ह.कॉन्फिगमधला ऑफसेट किंवा आकार चुकलाय. तशात सेटएन्व्ह केलंत तर डिफॉल्ट मजकूर भलत्याच जागी लिहिला जाईल आणि त्या जागी यू-बूट स्वतःच असेल तर बोर्ड उठणार नाही.